एका माणसाच्या सामानाची जागा

लिफ्ट नवव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये गचका देऊन थांबली, दिवा गेला, आणि टेपताईच्या तोंडून असा एक शब्द निघाला की जो चांगल्या घरातल्या मुलींना माहीत नसतो, अशी आपली एक गोड समजूत आहे.

एकटी असती तर गोष्ट वेगळी. पण सोबत आरसा होता, चांगला पुरुषभर उंच, आणि ज्या बाईंचा तो होता त्यांनी वर तीनतीनदा बजावलं होतं, "सासूबाईंचा आहे हो, जिवापाड जपलाय." सासूबाईंना किती जपलं होतं ते देव जाणे, पण आरसा हमालांच्या हाती द्यायला बाई तयार नव्हत्या. म्हणून ही स्वतःच त्याला मिठी मारून लिफ्टमध्ये शिरली होती.

"आत कोण आहे?" वरून कुठूनतरी आवाज आला.

"मी."

"मी म्हणजे किती जण?"

"मी एकटी. आणि आरसा."

मग तोच आवाज, गंभीरपणे — "म्हणजे दोघी."

अंधारात, थंड काचेला गाल लावून उभं असताना माणसाला हसू येऊ नये. तिला आलं.

"हसताय? छान. हसणारा माणूस लिफ्टमध्ये घाबरत नाही, असं आमच्या कामात म्हणतात."

"खरंच म्हणतात?"

"नाही... आत्ताच सुचलं."

मग त्यानं वरच्या मोटारीचं चाक हातानं फिरवत लिफ्ट इंचाइंचानं खाली घेतली. जिना उतरून येऊन त्यानं दार उघडलं, आणि उजेडात तिला पहिल्यांदा तो दिसला तो आरशात. गालावर ग्रीसचा पट्टा, केस विस्कटलेले, आणि डोळे असे की शाळेतल्या खोड्या अजून तिथेच मुक्कामाला आहेत. तो एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा आरशाकडे.

"यातली खरी कोणती?"

"जिला राग आलाय ती."

"मग दोघींनाही आलाय," तो म्हणाला, आणि आरशाचं दुसरं टोक उचलायला पुढे झाला.

झालं. एवढंच. पण टेपताई त्या दिवशी गाडीपर्यंत गेली ती जमिनीवरून नाही.

तिचं नाव काही टेपताई नव्हतं, पण कमरेला कायम मोजपट्टीची टेप अडकवलेली, म्हणून हमालांनी तिचं बारसं उरकून टाकलं होतं. वडिलांचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. दोन ट्रक, एक टेम्पो, चार हमाल, आणि ही. हिचं काम अंदाजाचं. ज्यांना शहर सोडायचं असेल त्यांच्या घरी जायचं, खोल्या बघायच्या आणि सांगायचं की अमुक इतकी गाडी लागेल. टेप होती ती लोकांच्या समाधानासाठी. खरी मोजपट्टी तिच्या डोळ्यांत होती. नुसती दारात उभी राहिली तरी ती सांगायची, सोफा आडवा जाईल, कपाट उभं, आणि काकू, ती शिंकाळ्यात भरून ठेवलेली भांडी काढा, ती धरून नाही मावणार. तिचा अंदाज कधी चुकला नाही.

आणि तिची एक खोड होती. घर रिकामं झालं की शेवटची फेरी ती एकटी मारायची आणि प्रत्येक खोलीत एक टाळी वाजवायची. खोली पूर्ण रिकामी असेल तर टाळी परत येते, म्हणायची. काही मागे राहिलं असेल तर अर्धी येते. हमाल हसायचे. हसू देत.

आता ती ज्या शहरात राहत होती त्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण या गोष्टीत कुणी खलनायक असेल तर तेच. ना धड मोठं, ना धड लहान. मोठं असतं तर माणूस त्यात हरवला असता, लहान असतं तर त्याच्या कुशीत शिरला असता. इथे दोन्ही नाही. इथे तुम्ही प्रेमात पडलात तर संध्याकाळपर्यंत मावशीला कळतं, आणि आजारी पडलात तर चांगला डॉक्टर मात्र दुसऱ्या शहरात. एक उड्डाणपूल आहे, त्याचं कोण कौतुक! विमानतळ येणार येणार म्हणून जागा राखून ठेवलीय, तिथे अजून तरी फक्त गवत येतं. ज्याला पंख फुटतात तो उडून जातो. जे उरतात त्यांना सणासुदीला आलेले पाहुणे विचारतात, "अरे, अजून इथेच?" जसं काही उरलेल्यांनी गुन्हाच केलाय. त्यामुळे बाकी सगळे धंदे बसले तरी घरं हलवण्याचा मात्र तेजीत. गाड्या भरून जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. रिकाम्या गाडीचा पत्रा वाजत यायचा तो आवाज टेपताईला नको नको व्हायचा. कुणाला सांगायचं?

दादा गेला तोही याच गाडीतून. धाकट्या बहिणीला, म्हणजे हिला, टपली मारून, "सहा महिन्यांत तुम्हा दोघांना नेतो," म्हणून गेला. सहा महिने कसले न् काय. आई आधीच गेलेली. बाबांची पाठ एका लोखंडी कपाटाखाली कायमची गेली होती. मान वर होत नव्हती, जड उचलता येत नव्हतं. तेव्हापासून बाबांना एक सवय लागली. सकाळी डोळे उघडायच्या आधी अंथरुणातून हाक मारायची, "आहेस का गं?" आणि हिनं स्वयंपाकघरातून म्हणायचं, "आहे." दिवसातून कितीतरी वेळा. कुठल्याही मजल्यावर असो, बाबा खालून टेम्पोतून ओरडायचे, "आहेस का?" आणि ही वरून, "आहेऽ!"

तिलाही एकदा बाहेरची नोकरी चालून आली होती. बाबा नाही म्हणाले नाहीत. "जा. जायलाच हवं. मी बांधून देतो सामान," म्हणून दोरी घेऊन खोलीत आले. आणि जन्मभर गाठी मारलेल्या त्या माणसाला गाठ बसेना. दोन्ही हात थरथरत होते. पुन्हा पुन्हा मारत राहिले, पुन्हा पुन्हा सुटत राहिली. तिनं दोरी काढून घेतली आणि गुंडाळून ठेवली. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

असो. लिफ्टवाल्याकडे वळू.

"इथे? आपणहून?" दुसऱ्यांदा भेटला तेव्हा तिनं विचारलं होतं.

"लिफ्टच्या कंपनीनं पाठवलं. तुमच्याकडे उंच इमारती आल्या म्हणे."

"इमारती आल्या. माणसं राहिलीत यायची."

"मी आलोय ना."

"तुम्ही एकटे काय... चौदा मजले भरणार?"

"मदत मिळाली तर बघू," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

त्या विमानतळाच्या भरवशावर बांधलेल्या इमारती अर्ध्याअधिक रिकाम्या होत्या. त्यांच्यातल्या एकीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, कंपनीनं त्याला दोन खोल्या दिल्या होत्या. आता तुम्ही म्हणाल, प्रेम करायला बाग आहे, नदीकाठ आहे. अहो, बागेत हिच्या शाळेच्या बाई फिरायला यायच्या, आणि नदीकाठी बाबांचे मित्र! तेव्हा या दोघांनी कुणालाच न सुचलेली जागा शोधली. लिफ्ट. त्याला रोज कुठलीतरी लिफ्ट तपासावी लागायची, आणि तपासायची तर आत वजन लागतं.

"तुम्ही वजन म्हणून चालाल," तो म्हणाला.

"हे कौतुक आहे का?"

"आमच्यात याहून मोठं नसतं."

मग वर, खाली, वर, खाली. पावसाच्या दिवसांत लिफ्टच्या पोकळीत कुठेतरी पाणी टपकत असायचं. तो दाराला कान लावून उभा राहायचा आणि ती त्याच्या कानामागच्या तिळाकडे बघत. बोलणं चाले ते मजल्यांच्या मापानं. तळापासून पाचव्यापर्यंत ती चिडवायची, पाचव्यापासून वर तो. हात लागला तर दोघंही बटणांच्या पट्टीकडे असं बघायचे, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलंय.

कधी कधी गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीबाहेर ती कठड्याला टेकून उभी राहायची. तिथून शहर दिसायचं, अख्खं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बघा," ती म्हणायची. "दोन्ही टोकं दिसतात. याहून वाईट काय असेल?"

"का? मला तर बरं वाटतं. काही हरवलं तर सापडेल."

"इथे हरवत नाही काही. निघून जातं."

तो हसला नाही. "तुम्ही का नाही गेलात?"

"सगळ्यांना पोचवून झालं की जाईन," ती म्हणाली. "शेवटच्या माणसानं दिवे घालवायचे असतात ना." आणि स्वतःच जोरात हसली. त्यानं मात्र तिच्याकडे असं पाहिलं की तिचं हसू मध्येच अडकलं. त्या क्षणी त्यानं विचारलं असतं तर? पण खालून हाक आली, "आहेस का?" आणि ती "आहेऽ!" म्हणत पळाली.

तो तिच्या घरी आला एकदाच. बाबांनीच बोलावलं होतं, ट्रकचा मागचा फाळका अडकत होता तो बघायला. आतल्या खोलीत पंखा टकटक वाजत होता, तोच नेमके दिवे गेले आणि पाऊस धो धो. टॉर्चच्या उजेडात चहा झाला. हिच्या खोलीच्या खिडकीतून पाणी आत येतंय म्हणून तोच टॉर्च घेऊन धावला, खिडकी लावली, पाण्यातल्या कुंड्या सरकवल्या. परत आला तेव्हा बाबांनी विचारलं, "काय हो, किती दिवस आहात या शहरात?"

"ठेवतील तितके दिवस," तो म्हणाला. बघत होता तिच्याकडे.

बाबांना ते दिसलं की नाही, कुणास ठाऊक.

ठेवलं नाहीच. उन्हाळा सरता सरता कंपनीचा निरोप आला. इमारती भरत नाहीत, करार संपला, लिफ्टा बंद करा, चाव्या द्या आणि पुढच्या गावी निघा. टेपताईला कळलं ते आमच्या शहरात सगळ्यांना सगळं जसं कळतं तसं, म्हणजे किराणा दुकानात, तिसऱ्याच माणसाकडून. साखर घ्यायला गेली होती, मीठ घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. बाबांसमोर अगदी परक्यासारखा म्हणाला, "घर हलवायचंय. अंदाज घ्यायला कुणी येईल का?"

"कुणी कशाला, हीच येईल," बाबा म्हणाले. "हिचा अंदाज चुकत नाही."

ती गेली. पहिल्या खोलीत काय होतं! एक पलंग, एक टेबल, अवजारांच्या पेट्या. तिनं उगीचच टेप लावून सगळं मोजलं, कारण टेप खाली ठेवली असती तर हात कुठे ठेवायचे हा प्रश्न होता.

"लहान गाडीत होईल," ती म्हणाली.

"नाही. मोठी धरा. ही दुसरी खोली राहिली."

दुसरी खोली ठणठणीत रिकामी होती. "इथे काय आहे?"

"येणार आहे." तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा. "सांगतो. एक अरुंद पलंग. एक काळं कपाट, त्याचं एक दार नीट लागत नाही. एक पंखा टेबलावरचा, टकटक वाजणारा. पुस्तकं... दोन खोकी होतील. आणि तीन कुंड्या. कुंड्या म्हणजे रंगाचे डबेच, त्यात झाडं लावलेली."

आता काय सांगावं! जिच्या डोळ्यांत अख्खं घर मावायचं तिच्या डोळ्यांसमोर या वेळी काही म्हणता काही आलं नाही. तिचं कपाट हिरवं होतं. रात्री टॉर्चच्या उजेडात हिरवं काळंच दिसणार, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तिच्या कुंड्या चार होत्या. आणि शहरातल्या निम्म्या मुलींच्या खोल्यांत अरुंद पलंग असतो, रंगाच्या डब्यात झाड असतं. दुसऱ्यांची घरं मोजणाऱ्याला स्वतःचं घर कधी मोजावं लागलेलं नसतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. तिला एवढंच कळलं की हे एका मुलीचं सामान आहे. पायाखालची जमीन सरकली, पण धंद्याची सवय वाईट. तोंडानं ती म्हणाली, "म्हणजे एका माणसाच्या सामानाची जागा. कुठून उचलायचं?"

"इथूनच. याच शहरातून."

याच शहरातून! ज्या शहरात शिंकलं तर दोन गल्ल्या पलीकडून 'तब्येत बरी ना?' विचारतात, त्या शहरात ह्याची कुणीतरी आहे आणि मला पत्ता नाही?

"ती... हो म्हणाली?"

"अजून धड विचारलंच नाही." तो वळला. कान लाल झाले होते. "तसं... आता विचारतोय म्हणा."

ती टेप गुंडाळत होती. टेप आत जाताना बोटाला कापलं. "मग लवकर विचारा. गाडी रविवारी निघते."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर जागा भरून टाकू. गाडीत रिकामी जागा ठेवत नाहीत. सामान नाचतं, आपटतं, फुटतं."

"बरं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे जागा मोकळी दिसली तर हो. भरलेली दिसली तर नाही. असंच समजू या?"

"समजा," ती म्हणाली, आणि रडू फुटायच्या आत जिन्याकडे वळली. लिफ्ट उघडी उभी होती, तरी जिन्यानंच उतरली.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. भाजी करपली. एका गिऱ्हाइकाला म्हणाली, पलंग नाही मावणार, आणि तो मावला. बाबांनी हाक मारली की "आहे" म्हणायची, पण उशिरानं. रोज वाटायचं, आज त्याचा निरोप येईल, अमुक गल्ली, अमुक घर, तिथून सामान उचला. निरोप आला नाही. शनिवार उजाडला. नाही.

आणि मग हळूहळू, लाज वाटावी इतक्या हळू, तिच्या मनात एक उजेड पडायला लागला. ती मुलगी नाही म्हणाली असणार! कुठलीही असो मेली, नाही म्हणाली. पाठोपाठ त्याची इतकी दया आली तिला. उद्या हा माणूस निघणार, पाठीमागे ट्रकमध्ये एक भोक घेऊन. रस्ताभर त्या रिकाम्या जागेचा खडखडाट ऐकत जाणार. छे! हे आपण होऊ द्यायचं नाही. एका निवृत्त मास्तरांचं सामान मुलाकडे जायचं होतं, त्याच वाटेवर. तिनं शनिवारीच ते ट्रकच्या पुढच्या अंगाला रचून घेतलं. स्वतः उभी राहून, शेवटच्या पाटापर्यंत. उद्या सकाळी त्याला बरं वाटेल, तिला वाटलं. आणि बरं वाटलं की कदाचित... कदाचित तो आजूबाजूला बघेल. उभीच तर आहे मी.

रविवारी तिनं निळा ड्रेस घातला. हमालांमधला सगळ्यात किडकिडीत, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, तो म्हणाला, "टेपताई, आज कुणाचं लग्न?" तिनं त्याला दोरीनं मारलं.

सामान उतरलं, चढलं. तो वरच होता. सगळ्यात शेवटी लिफ्टनं खाली आला, लिफ्टला कुलूप घातलं, कारण कंपनीचा तसा हुकूम होता, आणि किल्ली खिशात टाकून, केस हातानं नीट करत, जवळजवळ धावत ट्रकच्या मागे आला.

आणि थांबला.

ट्रक दारापर्यंत गच्च भरलेला होता. बोट घालायला जागा नव्हती.

"भरलीत?" तो म्हणाला.

"भरली." तिनं आवाज शक्य तितका हसरा ठेवला. "म्हटलं, रिकामी जागा कशाला बरोबर न्यायची!"

"म्हणजे... नाही."

"नाही तर नाही! त्यात काय एवढं? जग काय तिच्यावाचून थांबलंय?"

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आपण फारच घाईनं समजूत घालतोय.

"तुम्ही नीट विचार केलात ना?" त्यानं विचारलं.

"अहो, आमचं कामच ते. सगळं नीट बसलंय. एक वस्तू हलणार नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमचा अंदाज चुकत नाही." घराची किल्ली त्यानं तिच्या तळहातावर ठेवली. बोटं क्षणभर तिथेच राहिली, मग निघाली. तो ड्रायव्हरशेजारी चढून बसला. मागे वळून बघेल, ती वाट बघत राहिली. आता उतरेल, आता काहीतरी बोलेल. ट्रक सुरू झाला.

कधी नव्हे ते तिनं आज शेवटच्या फेरीआधी गाडी सोडली. थांबवून ठेवायला धीरच उरला नव्हता. मग जिना चढायला लागली, कारण लिफ्टला कुलूप. चौदा मजले. रडत चढली म्हणून दम लागला, की दम लागला म्हणून रडू आलं, ते सांगता येणार नाही.

पहिल्या खोलीत टाळी वाजवली. परत आली, पूर्ण. दुसऱ्या खोलीत वाजवली... आणि तिथे, खिडकीखाली, काहीतरी होतं.

एक लाकडी खोकं. नवीन, हातानं केलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. वरच्या फळीत तीन गोल भोकं, आतून जुन्या घोंगडीची पट्टी लावलेली, म्हणजे डबे हलू नयेत, पत्र्याला ओरखडा जाऊ नये. भोकं नेमकी रंगाच्या डब्यांच्या मापाची. आणि हे माप तिच्याच खिडकीतल्या डब्यांचं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

ती तिथेच जमिनीवर बसली. काळं कपाट. नीट न लागणारं दार. टकटक वाजणारा पंखा. "आता विचारतोय म्हणा." जग काय तिच्यावाचून थांबलंय!

फोन लावताना बोटं चारदा चुकली. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"कुंड्या चार आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"तीन नाही... चार. एक मागे होती. अंधारात दिसली नसेल तुम्हाला. आणि कपाट काळं नाही हो, हिरवं आहे..." पुढे तिला बोलताच येईना.

पलीकडे ट्रकचा आवाज होता. मग त्याचा. "तुम्हाला कळलंच नव्हतं?"

"नाही. मला वाटलं दुसरी कुणीतरी. मला वाटलं ती नाही म्हणाली. म्हणून भरली मी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"अहो, मग तर..." तो एकदम हसला. आवाज तोच, लिफ्टच्या अंधारात पहिल्यांदा ऐकला होता तो. "मग रडताय कशाला! गाडी थांबवतो मी. पुलाच्या पलीकडे उभा राहतो. सामानाचं काय, येईल मागून. तुम्ही या फक्त. याल ना?"

तिनं खिडकीतून पाहिलं. दोन्ही टोकं दिसत होती. उड्डाणपुलावर ट्रक दिसत होता, काड्यापेटीएवढा. वीस मिनिटं. या शहरात कुठूनही कुठेही जायला वीस मिनिटं लागतात. आता गैरसमज नव्हता, दुसरी कुणी मुलगी नव्हती, गाडी भरल्याची सबब नव्हती. फक्त 'हो' म्हणायचं होतं, आणि ते तिच्या ओठांवर होतं. मोठ्ठं, इतके महिने साठवलेलं. मनापासून, अगदी मनापासून हवं होतं तिला.

खाली टेम्पोचं दार वाजलं. पुढच्या सीटवरून बाबा उतरले. मान वर होत नाही म्हणून समोरच्या भिंतीकडे बघतच त्यांनी हाक मारली. आज नेहमीपेक्षा जोरात. कदाचित त्यांनाही निळा ड्रेस दिसला होता.

"अगंऽ... आहेस का?"

फोनमध्येही ते ऐकू गेलं असणार. पलीकडचं हसू थांबलं. त्यानं घाई केली नाही. ही हाक त्यालाही पाठ होती.

बाबा भिंतीकडे बघत उभे होते. उत्तर येईना, तसा त्यांनी एक हात टेम्पोच्या दाराला धरला. हात थरथरत होता. इतक्या वरून दिसायचं कारण नाही, पण तिला दिसला. गाठ बसेना तेव्हा होता तसाच.

"आहेस का गं?"

"आहे," ती म्हणाली. मग खिडकीतून वाकून, खालपर्यंत पोचेल असं, "आहेऽ, बाबा!"

फोन कानालाच होता.

"ऐकलं," तो म्हणाला. "त्या चौथ्या कुंडीत काय लावलंय?"

"काही नाही. रिकामीच आहे."

"बरं." मग दुसरीकडे तोंड करून ड्रायव्हरला म्हणालेलं तिला ऐकू आलं, "नाही हो, नाही थांबायचं. चालू द्या."

पुलावरची काड्यापेटी उतरणीला लागली आणि शहराच्या टोकाशी संपली. टेपताईनं ओढणीनं तोंड पुसलं, खोकं उचलून कमरेवर घेतलं आणि जिन्याकडे निघाली. लिफ्ट बंदच होती, आणि ती चालू करणारं आता शहरात कुणी नव्हतं.

बाबा टेम्पोत जाऊन बसले होते. दर कामानंतर विचारायचे तसं त्यांनी विचारलं, "काही राहिलं होतं का वर?"

"नाही. सगळं गेलं."

त्यांची नजर तिच्या मांडीवरच्या खोक्यावर आली. तीन गोल भोकांवर. ते बघत राहिले. हिच्या खोलीतल्या डब्यांना पाणी घालायचं काम रोज बाबाच करायचे.

"बाळ..." ते म्हणाले.

"चला बाबा," ती म्हणाली. "पुढचं घर वाट बघतंय."